पेनसिल्व्हेनियात रविवारी सशाच्या शिकारीला जाता येते का?

कोयनाकाठ (५ ऑक्टोबर २०२५)

सर्वांना नमस्कार. मी मूळचा पाटण तालुक्यातला असून गेली सहा वर्षे पेनसिल्व्हेनियात, हॅरिसबर्गच्या पश्चिमेला राहतो. या उन्हाळ्यात मी शिकारी-शिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण केला आणि राज्याचा शिकार परवाना काढला. माझ्या शेजारी एक निवृत्त शिक्षक राहतात. त्यांच्याकडे बीगल जातीची दोन कुत्री आहेत आणि सशांच्या हंगामात त्यांनी मला आपल्याबरोबर यायला सांगितले आहे. लहानपणी आजोबांबरोबर रानात खूप फिरलो असलो तरी बंदूक घेऊन मी कधीच गेलेलो नाही. त्यामुळे या निमंत्रणाचा मला मनापासून आनंद झाला आहे आणि तितकीच काळजीही वाटते आहे.

अडचण दिवसाची आहे. सोमवार ते शुक्रवार नोकरी असते, आणि शनिवारी सकाळी मुलीला मराठी शाळेत सोडून दुपारी तिला पोहायला न्यायचे असते. म्हणजे मला मोकळा दिवस रविवारच मिळतो. शेजारी म्हणतात की यंदापासून रविवारी शिकार करायला मुभा मिळाली आहे. पण माझे एक सहकारी, जे इथेच जन्मले आणि वाढले, ठामपणे सांगतात की या राज्यात रविवारी कोल्हा आणि कावळा सोडून कशावरही बंदूक चालवता येत नाही, आणि हरणासाठी म्हणून जे दोनतीन रविवार दिले आहेत त्यांचा सशाशी काही संबंध नाही. दोघेही अनुभवी आहेत, त्यामुळे कोणाचे ऐकावे हे मला समजत नाही.

शेजाऱ्यांच्या मनात जी जमीन आहे ती एका शेतकऱ्याची आहे आणि तिच्या कडेला स्टेट गेम लँड्सचा, म्हणजे शिकारीसाठी खुल्या सरकारी रानाचा, पट्टा लागतो. मी एच-१बी व्हिसावर आहे, हेही सांगून ठेवतो, कारण त्याने उत्तर बदलत असेल तर ते मला आधीच कळलेले बरे. नियम मोडून एक ससा मिळवण्यापेक्षा मी घरी बसणे पसंत करीन. कृपया जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

सस्क्वेहाना (५ ऑक्टोबर २०२५)

नमस्कार कोयनाकाठ. मी या राज्यात गेली अठरा वर्षे ससे आणि फेझंट (रानकोंबड्यासारखा एक पक्षी) यांच्या मागे फिरतो आहे. तुमच्या शेजाऱ्यांचे म्हणणे बरोबर आहे. तुमच्या सहकाऱ्यांचेही गेल्या वर्षापर्यंत बरोबर होते. त्यामुळे त्यांना चुकीचे ठरवण्यापेक्षा मधल्या काळात काय बदलले ते सांगतो.

पेनसिल्व्हेनियात रविवारच्या शिकारीवर १८७३ पासून बंदी होती आणि कोल्हा, कायोटी, कावळा असे मोजके अपवाद सोडले तर ती जवळजवळ दीडशे वर्षे टिकली. २०१९ च्या कायद्याने २०२० पासून वर्षाला तीन रविवार खुले झाले: एक धनुष्यबाणाने हरणाची शिकार करण्याच्या हंगामातला, एक रायफलच्या हंगामातला, आणि तिसरा गेम कमिशनने, म्हणजे शिकारीचे नियम ठरवणाऱ्या राज्याच्या खात्याने, ठरवायचा. तुमच्या सहकाऱ्यांच्या डोक्यात हेच तीन रविवार आहेत. यंदा जुलैमध्ये नवा कायदा झाला. त्याने ती जुनी बंदी उठवली आणि कोणते रविवार खुले ठेवायचे हे ठरवण्याचा अधिकार गेम कमिशनकडे दिला. कमिशनने या हंगामासाठी १४ सप्टेंबर ते ७ डिसेंबर असे ओळीने तेरा रविवार खुले केले आहेत.

आता सशाचा हिशेब नीट पाहा, कारण तेरा हा आकडा ऐकून अनेकांचा गैरसमज होतो. रविवार खुला असला तरी त्या दिवशी त्या प्राण्याचा हंगाम चालू असावा लागतो. सर्वांसाठीचा सशाचा हंगाम शनिवारी १८ ऑक्टोबरला सुरू होतो आणि २८ नोव्हेंबरला थांबतो, कारण दुसऱ्या दिवशी रायफलने हरणाची शिकार सुरू होते आणि त्या दोन आठवड्यांत लहान शिकारीला, म्हणजे ससे, खारी, फेझंट यांच्या शिकारीला, रानात जागा नसते. म्हणजे तुम्हाला १९ व २६ ऑक्टोबर आणि २, ९, १६ व २३ नोव्हेंबर असे सहाच रविवार मिळतात. फेझंटचा हंगाम आठवडाभर उशिरा, २५ ऑक्टोबरला सुरू होतो, म्हणून त्याचे पाच. खारीचा हंगाम सप्टेंबरातच उघडल्यामुळे तिला सर्वांत जास्त, म्हणजे अकरा रविवार आले आहेत. ३० नोव्हेंबर आणि ७ डिसेंबर हे रविवार खुले असले तरी सशासाठी त्यांचा काही उपयोग नाही.

त्यानंतर सशाचा हंगाम डिसेंबरच्या मध्यावर पुन्हा उघडतो आणि नाताळचा दिवस वगळता फेब्रुवारीअखेर चालतो. बर्फावर सशाचा माग स्पष्ट उमटतो आणि बीगलचा आवाज थंड हवेत दूरवरून ऐकू येतो, त्यामुळे ससे मारणाऱ्यांना हाच काळ सर्वांत आवडतो. पण यंदाच्या यादीतला शेवटचा रविवार ७ डिसेंबर असल्याने त्या अडीच महिन्यांत रविवारी ससा मारता येणार नाही. मला याचे वाईट वाटते, कारण तुमच्यासारख्या फक्त रविवारी मोकळ्या असणाऱ्या माणसासाठीच ही सवलत मागितली गेली होती आणि हंगामाचा उत्तम भाग त्यातून निसटला आहे. पुढच्या वर्षीची यादी वेगळी असू शकते, म्हणून दर उन्हाळ्यात नवी पुस्तिका वाचत जा आणि यंदाच्या तारखा पाठ करून ठेवू नका.

बाकीचे नियम रविवारीही तेच असतात, तरी पहिलीच वेळ आहे म्हणून सांगतो. एका दिवसात एका माणसाला चार ससे, सहा खारी आणि दोन फेझंट यांची परवानगी आहे. फेझंटसाठी वेगळा परवाना घ्यावा लागतो. डोके, छाती आणि पाठ मिळून किमान २५० चौरस इंच झळाळता नारिंगी रंग अंगावर असला पाहिजे आणि तो सर्व बाजूंनी दिसला पाहिजे. छर्ऱ्याच्या बंदुकीत एकूण तीनच काडतुसे मावतील अशी व्यवस्था हवी आणि शिशाचा छर्रा चार नंबरपेक्षा मोठा नको. कोणाच्या राहत्या घरापासून १५० यार्डांच्या आत, म्हणजे सुमारे १३७ मीटरच्या आत, त्या घरात राहणाऱ्यांच्या परवानगीशिवाय शिकार करता येत नाही. हा शेवटचा नियम ससे मारणाऱ्यांकडून सर्वांत जास्त मोडला जातो, कारण ससा राहतो तो नेमका परसामागच्या झुडपांत आणि कुंपणाच्या कडेला. कुत्र्यांनी उठवलेला ससा मोठा फेरा घेऊन पुन्हा आपल्या जागेजवळ येतो आणि तो फेरा कोणाच्या अंगणापर्यंत जातो हे त्याला विचारता येत नाही. म्हणून उभे राहायची जागा निवडतानाच आजूबाजूची घरे मोजून घ्या.

तुमच्या व्हिसाचा प्रश्न महत्त्वाचा आहे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतुसे बाळगायला मनाई आहे. मात्र एखाद्या राज्याने रीतसर दिलेला शिकार परवाना ज्याच्याजवळ आहे त्याला त्या मनाईतून सूट आहे. तुमचा परवाना म्हणजे तीच सूट आहे, त्यामुळे त्याची मुदत संपलेली असताना शेजाऱ्यांची बंदूक क्षणभरासाठीही हातात घेऊ नका. इथे होणारी चूक गेम वॉर्डनच्या, म्हणजे शिकारीचे नियम पाळले जातात का हे पाहणाऱ्या अधिकाऱ्याच्या, दंडावर भागत नाही, ती तुमच्या देशातल्या वास्तव्यावर येऊ शकते. तुमचे ग्रीन कार्डाचे प्रकरण चालू असेल तर एकदा तुमच्या इमिग्रेशन वकिलाच्या कानावर ही गोष्ट घाला.

राहिली जमीन. गेम लँड्सवर खुल्या रविवारी तुम्हाला कोणाची वेगळी परवानगी लागत नाही. शेतकऱ्याच्या जमिनीवर मात्र रविवारी त्याची लेखी परवानगी जवळ असावीच लागते. इतर दिवशी तोंडी होकार पुरतो, रविवारी पुरत नाही. तुमचे शेजारी तीस वर्षे त्या शेतात जात असतील आणि शेतकऱ्याने त्यांना कधी अडवलेही नसेल, तरी रविवारी खिशात कागद नसेल तर तुम्ही दोघेही नियम मोडत आहात.

रानमाळ (६ ऑक्टोबर २०२५)

मी लँकेस्टर काउंटीत राहते. आमच्याकडे बावीस एकर जमीन आहे आणि तिच्यातली निम्मी रानाखाली आहे. मी शिकार करत नाही, पण दर वर्षी पाचसहा जणांना आमच्या जमिनीवर शिकारीची परवानगी देते. म्हणून जमीनमालकाच्या बाजूने लिहिते.

कोयनाकाठ, इथल्या रानात राहणाऱ्या माणसाला रविवार म्हणजे काय होता हे तुम्हाला ठाऊक असावे असे मला वाटते. सप्टेंबरपासून जानेवारीपर्यंत सहा दिवस आम्ही कुत्र्यालासुद्धा नारिंगी कपडा बांधून बाहेर नेतो. रविवारी मात्र पाने गळताना मुलांना घेऊन निश्चिंतपणे फिरता येत असे, घोड्यावरून रपेट करणारे शेजारी आमच्या वाटेने जात असत. हा एक दिवस आमच्याकडून गेला आहे. कायदा झाला आहे आणि मी त्याच्याविरुद्ध तक्रार करत बसलेली नाही. शिकाऱ्यांनाही नोकऱ्या आहेत, त्यांनाही मुले आहेत, हे मला दिसते. परंतु लेखी परवानगीची अट ही आम्हाला दिलेली भरपाई आहे. कोणी तिच्याकडे कार्यालयीन कटकट म्हणून पाहिले तर मला दुःख होते.

आमच्या आसपास आमिश या साधी राहणी पाळणाऱ्या ख्रिस्ती पंथातल्या कुटुंबांच्या शेतजमिनी आहेत. ते स्वतः उत्तम शिकारी आहेत, पण रविवार त्यांच्या दृष्टीने देवाचा दिवस आहे आणि त्या दिवशी ते बंदुकीला हात लावत नाहीत. अशा माणसाकडे परवानगी मागायला रविवारी जाऊ नका. गुरुवारी किंवा शुक्रवारी, दूध काढण्याची वेळ टाळून, बंदूक न घेता, साध्या कपड्यांत जा. तो नाही म्हणाला तर कारण विचारू नका, आभार माना. मेनोनाइट या त्यांच्या जवळच्या पंथातल्या शेतकऱ्यांच्या बाबतीतही हेच लक्षात ठेवा. माझ्या माहितीतल्या एका शेतकऱ्याने नव्या कायद्यानंतर असे ठरवले आहे की सोमवार ते शनिवार कोणीही यावे आणि रविवारी कोणीही येऊ नये. त्याला तसे ठरवण्याचा पूर्ण अधिकार आहे.

आता कागद कसा असावा ते सांगते, कारण माझ्याकडे आलेले बहुतेक कागद निरुपयोगी होते. नुसते "शिकारीस परवानगी आहे" एवढे लिहिलेला कागद दोघांच्याही कामाचा नाही. माझ्या कागदावर माझे आणि शिकाऱ्याचे पूर्ण नाव असते, दोघांचे फोन क्रमांक असतात, कोणत्या तारखांना आणि किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत यायचे ते असते, गाडी कुठे उभी करायची आणि तिचा क्रमांक काय हे असते, आणि कोणता प्राणी हेही असते. ससे मारायला आलेल्या माणसाने हरणासाठी मचाण बांधलेले मला चालत नाही. खाली जमिनीचा हाताने काढलेला नकाशा असतो आणि त्यावर आमचे घर, शेजाऱ्यांचे घर आणि मुलांची नेहमीची वाट दाखवलेली असते. दोन प्रती करतो. एक त्याच्या खिशात राहते आणि दुसरी आमच्या स्वयंपाकघरात फळ्यावर लावलेली असते, म्हणजे बाहेर बार ऐकू आला तर घरातल्या प्रत्येकाला कळते की कोण आहे आणि कुठे आहे. तुमच्याबरोबर शेजारी असतील तर कागद दोघांच्या नावाने स्वतंत्र घ्या.

झाडांच्या खोडांवर जांभळ्या रंगाचे उभे पट्टे दिसले तर तिथेच थांबा. २०२० पासून या राज्याच्या बहुतेक भागांत त्या पट्ट्यांना "प्रवेश बंद" या पाटीइतकाच अर्थ आहे. कुत्री सशाच्या मागे त्या पट्ट्यांपलीकडे गेली तर बंदूक घेऊन त्यांच्यामागे जाऊ नका. घरमालकाचे दार वाजवा.

जुनी पाने (६ ऑक्टोबर २०२५)

रानमाळ यांच्या लेखनातून एक प्रश्न निघतो, तो म्हणजे दुकाने, मैदाने, नाटकगृहे सगळी रविवारी उघडली असताना शिकार तेवढी का बंद राहिली. तुमच्या सहकाऱ्यांचा ठामपणा कुठून आला हे त्यातून कळते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पेनसिल्व्हेनियाचा रविवार पाळण्याचा जुना कायदा १७९४ चा आहे आणि तो उघडच धार्मिक होता. या प्रकारच्या कायद्यांना इथे ब्लू लॉ म्हणतात. विसाव्या शतकात ते एकेक करून ढिले झाले. फिलाडेल्फियात रविवारचे बेसबॉलचे सामने १९३४ पासून होऊ लागले. १९६१ मध्ये मेरीलँडमधल्या एका दुकानातल्या कर्मचाऱ्यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. त्यांनी रविवारी कागद लावायची वही, फरशीचे मेण, स्टेपलर आणि एक खेळणे विकले होते, म्हणून त्यांना दंड झाला होता. न्यायालयाने असे ठरवले की या कायद्यांचा उगम धर्मात असला तरी आता सर्वांना एकाच दिवशी विश्रांती मिळावी हा त्यांचा हेतू आहे आणि तो राज्यघटनेला धरून आहे. त्यामुळे धर्माच्या मुद्द्यावर रविवारचे कायदे न्यायालयातून पडण्याची वाट बंद झाली. 

दुकानांच्या बाबतीत पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये रविवारची विक्रीबंदी राज्याच्या घटनेविरुद्ध ठरवली, म्हणून दुकाने उघडली. शिकारीचा निर्णय विधिमंडळाकडे राहिला आणि तिथे वजन होते ते शेतकऱ्यांचे. या राज्यातली बरीचशी लहान शिकार शेतांच्या बांधांवर मिळते आणि वर्षभर ज्याच्या जमिनीवर परके लोक येतात त्याला आठवड्यातून एक दिवस तरी कोणी दार वाजवू नये असे वाटते. पेनसिल्व्हेनियाच्या शेतकरी संघटनेने, म्हणजे फार्म ब्युरोने, अनेक वर्षे रविवारच्या शिकारीला विरोध केला तो मुख्यतः याच कारणाने. २०१९ च्या कायद्यात परवानगीशिवाय दुसऱ्याच्या जमिनीवर शिकार करणे हा गेम वॉर्डनला थेट कारवाई करता येईल असा गुन्हा ठरवला गेला आणि रविवारसाठी लेखी परवानगी आवश्यक झाली. त्यानंतर हळूहळू हा विरोध ओसरला आणि यंदा तो उरला नाही. म्हणजे धर्माचा मुद्दा मागे पडून बराच काळ झाला आहे आणि हा जमिनीचा व्यवहार होता, असे माझे मत आहे. लेखी परवानगीचा कागद हा त्या व्यवहारातला शेतकऱ्यांच्या वाट्याचा भाग आहे.

ओक झाडाखाली (७ ऑक्टोबर २०२५)

मी उत्तर कॅरोलायनात रॅलेजवळ राहतो. हा धागा वाचून दुसऱ्या राज्यातले वाचक तेच नियम आपल्याकडे लावतील अशी भीती वाटते, म्हणून लिहितो.

आमच्याकडे खाजगी जमिनीवर रविवारी बंदुकीने शिकार करण्याची मुभा २०१५ मध्ये मिळाली, पण घड्याळासकट मिळाली. सकाळी साडेनऊ ते दुपारी साडेबारा या वेळेत, म्हणजे प्रार्थनेच्या वेळेत, बंदूक चालवता येत नाही आणि प्रार्थनास्थळापासून ५०० यार्डांच्या आत रविवारी बंदुकीने शिकार करता येत नाही. माझ्या पहिल्याच रविवारी मी नऊ वाजून वीस मिनिटांनी खार पाहिली, आणि ती फांदीआड गेली तेव्हा बंदूक रिकामी करून गाडीकडे परतलो. व्हर्जिनियात २०१४ मध्ये खाजगी जमीन खुली झाली, सार्वजनिक जमिनीसाठी २०२२ उजाडावे लागले, आणि तिथे प्रार्थनास्थळापासूनचे अंतर २०० यार्ड आहे. मेन आणि मॅसॅच्युसेट्स या राज्यांत रविवारी शिकार आजही बंद आहे. मेनमध्ये अन्नाचा हक्क राज्यघटनेत आल्यानंतर रविवारची बंदी त्या हक्काच्या आड येते असा दावा झाला होता, पण तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये बंदी कायम ठेवली.

न्यू जर्सीतल्या वाचकांसाठी मुद्दाम सांगतो, कारण एडिसनच्या परिसरातले बरेच जण पेनसिल्व्हेनियात शिकारीला जातात. तुमच्या राज्यात रविवारी धनुष्यबाणाने हरणाची शिकार काही जमिनींवर चालते, पण परवानाधारक खाजगी शिकार-क्षेत्रे सोडली तर बंदुकीने सशाची शिकार चालत नाही. डेलावेअर नदी ओलांडली की कायदा बदलतो. सकाळी पेनसिल्व्हेनियात कायदेशीरपणे वापरलेली बंदूक घेऊन दुपारी न्यू जर्सीतल्या रानात उतरू नका.

कोयनाकाठ (८ ऑक्टोबर २०२५)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सस्क्वेहाना यांनी मांडलेला सहा रविवारांचा हिशेब मी कॅलेंडरवर लिहून ठेवला. १९ तारीख दिवाळीत येते आणि त्या दिवशी घरी फराळाला माणसे येणार आहेत, त्यामुळे माझी सुरुवात २६ ऑक्टोबरला होईल. व्हिसाबद्दल वकिलांशी बोललो आणि परवान्याची एक प्रत पाकिटात ठेवली.

शेजाऱ्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. गेम लँड्सच्या ओलसर कडेला, ऑल्डरच्या झाडीत, ऑक्टोबरअखेरीस वुडकॉक हे लांब चोचीचे पक्षी उतरतात आणि कुत्री ससा शोधताना तेही उठतात. वुडकॉकचा हंगाम त्या सुमारास चालू असेल तर खुल्या रविवारी त्याच्यावर बार टाकता येतो का?

सस्क्वेहाना (८ ऑक्टोबर २०२५)

येत नाही, आणि हे विचारलेत हे फार चांगले केलेत. नेमक्या याच जागी जुनी माणसेसुद्धा चुकतात.

पेनसिल्व्हेनियात या तेरा रविवारांमधून स्थलांतर करणारे शिकारीचे पक्षी वगळलेले आहेत. वुडकॉक, होले, बदके, हंस हे सगळे त्यात आले. ससा, खार, ग्राउस (रानकोंबडीसारखा पक्षी) आणि फेझंट हे राज्याचे रहिवासी आहेत आणि त्यांच्याबद्दल राज्य ठरवते. स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांना मात्र १९१८ चा केंद्रीय कायदा लागू होतो. कॅनडाबरोबरच्या करारातून तो आलेला आहे, आणि हंगाम किती दिवसांचा असावा याची मर्यादा त्यानुसार केंद्र सरकार घालून देते. ज्या राज्यांत रविवारी बंदी होती त्यांना पाणपक्ष्यांच्या हंगामात बुडालेल्या रविवारांच्या बदल्यात इतर दिवस वाढवून मिळत आले आहेत. आता रविवार खुले केले तर ते वाढीव दिवस सोडावे लागतील. त्यामुळे राज्याने या पक्ष्यांना हातच लावलेला नाही. कावळ्याला रविवारी मुभा आहे ती पूर्वीपासूनची आहे, तिच्यावरून वुडकॉकबद्दल अनुमान काढू नका.

प्रत्यक्ष रानात हे कसे घडते ते सांगतो. ग्राउस आणि वुडकॉक एकाच झाडीतून उठतात आणि दोघेही तपकिरी असतात. ग्राउस उठताना मोठा गडगडाट होतो आणि तो आडवा पळतो. वुडकॉक झाडीच्या माथ्यापर्यंत सरळ वर चढतो, त्याच्या पंखांतून बारीक शीळ येते आणि त्याची लांब चोच खाली झुकलेली दिसते. पहिल्या हंगामात तुम्हाला हा फरक क्षणार्धात कळणार नाही. म्हणून रविवारी उडणाऱ्या कोणत्याही पक्ष्यावर बंदूक उचलू नका आणि फक्त जमिनीवरच्या सशाकडे लक्ष ठेवा, असा माझा आग्रह आहे.

गेम लँड्स आणि राज्य उद्यान यांतही गल्लत करू नका. गेम लँड्स गेम कमिशनच्या ताब्यात आहेत, साधारण पंधरा लाख एकर. राज्य उद्याने दुसऱ्या खात्याकडे आहेत आणि तिथे कोणत्या रविवारी शिकार चालेल हे ते खाते स्वतंत्रपणे ठरवते. नकाशावर दोन्ही हिरव्याच रंगात दिसतात.

माणदेश (९ ऑक्टोबर २०२५)

मी साताऱ्याच्या दुष्काळी भागात राहतो आणि इथल्या तरुणांशी वन्यजीवांबद्दल बोलत असतो. एकच विनंती आहे. तिथे मिळालेल्या सशाची छायाचित्रे गावाकडच्या गटांवर पाठवताना ती कुठली आहेत आणि कोणत्या परवान्यावर आहेत हे स्पष्ट लिहा. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे. ससा असो, तितर असो की लाव्हा, हौसेसाठी त्यांची शिकार करण्याचा परवाना महाराष्ट्रात कोणालाही मिळत नाही, मग वार कोणताही असो. तरीही सुट्टीच्या दिवशी माळावर कुत्री आणि जाळी घेऊन जाणारी टोळकी मी पाहतो. परदेशातल्या एखाद्या भावाचे छायाचित्र पाहून त्यांना वाटते की हे आता चालते. तिथे हंगाम, मोजमाप आणि परवाना आहे, इथे संपूर्ण मनाई आहे, एवढे दोन ओळींत लिहिलेत तरी माझे काम सोपे होईल.

कोयनाकाठ (२७ ऑक्टोबर २०२५)

माणदेश यांची सूचना मान्य आहे. मी गावाकडे एकही छायाचित्र पाठवलेले नाही आणि पाठवणारही नाही.

इतरांनी जे सांगितले त्याचे पुढे काय झाले ते कळवणे माझे कर्तव्य आहे. रानमाळ यांच्या सल्ल्याप्रमाणे मी आणि शेजारी एका गुरुवारी संध्याकाळी त्या शेतकऱ्याकडे गेलो. कागद दोघांच्या नावाने, नकाशासह तयार होता. त्यांनी तो सावकाश वाचला, नकाशा पाहून त्यांच्या मुलीचे घर मी चुकीच्या बाजूला दाखवले आहे असे सांगितले, आणि मग म्हणाले की शनिवारी केव्हाही या, पण रविवारी नको, कारण त्या दिवशी मुलगी आणि नातवंडे जेवायला येतात आणि मुले बांधावर खेळतात. शेजारी गेली तेवीस वर्षे तिथे जात असूनही त्यांनी हे कधी विचारले नव्हते. परतताना ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

म्हणून काल, रविवारी, आम्ही शेजारच्या गेम लँड्सवर गेलो. सूर्योदयानंतर तासाभराने कुत्री सोडली. शेताची हद्द आमच्या उजव्या हाताला होती आणि ती ओलांडली जाऊ नये म्हणून शेजाऱ्यांनी कुत्री मुद्दाम टेकडीच्या पलीकडच्या उतारावर नेली. दोन वेळा ससा उठला. पहिल्या वेळी मी चुकलो. दुसऱ्या वेळी ससा फेरा घेऊन परत आला तेव्हा त्याच्या मागे, झाडीच्या पलीकडे, नारिंगी टोपी घातलेला एक माणूस कुत्र्याला फिरवत होता, म्हणून मी बंदूक खाली ठेवली. ऑल्डरच्या झाडीतून एक वुडकॉक उठला आणि पंखांतली ती शीळ मला स्पष्ट ऐकू आली. आम्ही दोघे तो दिसेनासा होईपर्यंत पाहत उभे राहिलो.

पुढच्या रविवारी, २ नोव्हेंबरला, पुन्हा तिथेच जाणार आहोत. शेतकऱ्याच्या बांधासाठी शेजाऱ्यांनी ८ नोव्हेंबरचा शनिवार मागितला आहे. त्या दिवशी मुलीला मराठी शाळेत सोडायला पत्नी जाईल आणि मी दहा वाजेपर्यंत परत येईन, असे घरी ठरले आहे.